भात्याचा कॅमेरा : झटपट आणि अचूक मांडणीची शिस्त

ज्या कॅमेऱ्याच्या पुढच्या आणि मागच्या चौकटी भात्याने जोडलेल्या असतात, ज्यात फिल्मचा एकेक सुटा तुकडा वापरला जातो आणि ज्याचा फोकस डोक्यावर काळे कापड घेऊन दुधी काचेवर पाहिला जातो, त्याला लार्ज फॉरमॅट कॅमेरा म्हणतात. आणि त्यातला जो प्रकार मिटून पेटीएवढा होतो व खांद्यावरून वाहून नेता येतो, तो फील्ड कॅमेरा. त्याची फिल्म निदान चार बाय पाच इंचांची असते, म्हणजे पस्तीस मिलिमीटरच्या नेहमीच्या फिल्मच्या जवळजवळ पंधरापट क्षेत्रफळाची, आणि त्यामुळे शिखरावरची बारीक मूर्ती किंवा तटातला दगडाचा सांधा त्यावर ज्या तपशिलाने उमटतो तो लहान फिल्मवर उमटणे शक्य नसते. तरीही या कॅमेऱ्याचे खरे महत्त्व फिल्मच्या आकारात नसून त्याच्या दोन्ही चौकटी एकमेकींपासून स्वतंत्रपणे सरकतात आणि कलतात यात आहे, कारण वास्तूच्या उभ्या रेषा उभ्याच ठेवणे आणि स्पष्टतेचे प्रतल हवे तसे झुकवणे या दोन्ही गोष्टी त्यामुळे छायाचित्र टिपण्यापूर्वीच साधता येतात.

हा कॅमेरा संथ आहे, असे त्याच्याविषयी नेहमी म्हटले जाते आणि त्यात तथ्य आहे. परंतु मांडणीला लागणाऱ्या वेळाचा मोठा भाग कामात जात नाही, तर केलेले काम पुन्हा करण्यात जातो. तिपाई समतल करण्याआधी चौकट ठरवली की समतल करताना चौकट बिघडते, चौकट पक्की होण्याआधी बारीक फोकस केला की चौकट सरकवताना फोकस जातो, आणि फोकसनंतर टिल्ट, म्हणजे चौकट झुकवणे, सुचला की सगळेच पहिल्यापासून करावे लागते. म्हणून नंतरच्या पायरीने आधीची पायरी बिघडणार नाही असा क्रम ठरवून घेणे आणि प्रत्येक पायरी तिच्या जागी पुरी करणे, एवढ्यानेच वेग आणि अचूकता या दोन्ही गोष्टी एकदम हाती येतात. त्या परस्परविरोधी आहेत असे मानणे बरोबर नाही.

हा क्रम समजून घ्यायला सोलापूर आणि त्याचा परिसर फार उपयोगी आहे. तळ्याच्या पाण्यात उभे असलेले सिद्धेश्वर मंदिर, त्याला लागूनच असलेल्या भुईकोट किल्ल्याचा लांबच लांब तट, गिरण्यांच्या काळाने या शहराला दिलेल्या विटांच्या उंच चिमण्या आणि दक्षिण सोलापूर तालुक्यात भीमा-सीना संगमावर हत्तरसंग कुडल येथे असलेला शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८ चा, मराठी शिलालेख ही चार स्थळे या कॅमेऱ्यापुढे चार वेगवेगळे प्रश्न ठेवतात.

शिवाय मुंबई इलाख्यात वास्तूंच्या सरकारी छायाचित्रणाची सुरुवात याच टापूत झाली. कंपनी सरकारने १८५५ मध्ये मुंबईच्या तोफखान्यातील अधिकारी थॉमस बिग्ज यांची सरकारी छायाचित्रकार म्हणून नेमणूक केली आणि सोलापूरच्या दक्षिणेला सुमारे शंभर किलोमीटरवर असलेले विजापूर, तसेच बदामी-ऐहोळेचा प्रदेश त्यांच्याकडे सोपवला. वर्ष संपण्याच्या सुमारास त्यांना लष्करी कामावर परत बोलावण्यात आले आणि डॉ. विल्यम पिगू व नंतर ए. सी. बी. नील यांनी ते काम पुढे चालवले. बिग्ज आणि मेजर लॉक यांच्या छायाचित्रांवर आधारलेले विजापूरच्या वास्तूंविषयीचे मोठे पुस्तक १८६६ मध्ये लंडनला निघाले, त्यातील ऐतिहासिक भाग मेडोज टेलर यांनी आणि वास्तुविषयक भाग जेम्स फर्ग्युसन यांनी लिहिला. पुढे पश्चिम भारताच्या पुरातत्त्व सर्वेक्षणातील हेन्री कझन्स यांनी याच वास्तूंची मोजमापे, आराखडे आणि छायाचित्रे यांना आयुष्याची बरीच वर्षे दिली. त्यांचा विजापूरवरचा ग्रंथ १९१६ मध्ये प्रसिद्ध झाला.

बिग्ज कागदी निगेटिव्ह वापरीत, कारण मेण दिलेला कागद आधी तयार करून प्रवासात नेता येत असे. त्याआधी चारच वर्षे, १८५१ मध्ये, फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी प्रसिद्ध केलेल्या ओल्या कोलोडियनच्या पद्धतीत काचेवर थर देणे, तो ओला असतानाच छायाचित्र टिपणे आणि लगेच ते धुणे हे सगळे काही मिनिटांत उरकावे लागे, आणि दख्खनच्या उन्हात ती मिनिटे आणखी कमी होत. सोलापूरला रेल्वे आली ती १८६० मध्ये. तोवर कॅमेरा, काचा, रसायने आणि तंबू हे सारे बैलगाडीने किंवा हमालांकडून न्यावे लागे. या मंडळींच्या छायाचित्रांत गोल घुमटासारख्या पन्नास मीटरहून अधिक उंचीच्या इमारतीच्या भिंती सरळ उभ्या दिसतात, त्या योगायोगाने नव्हे. काम करताना कॅमेरा समतल ठेवायचा आणि वर पाहायचे असेल तर कॅमेरा न वाकवता दूर जायचे, उंच जागा शोधायची किंवा लेन्स वर सरकवायची, हा नियम त्यांनी पाळला, आणि आजही मांडणीचा पाया तोच आहे.

भारतात हा कॅमेरा पुढे सर्वेक्षणापेक्षा स्टुडिओत अधिक रुळला. केरळातील आलप्पुळा येथे के. करुणाकरन यांनी १९४० च्या दशकात बनवायला सुरुवात केलेला सागवानी लाकडाचा आणि पितळी जोडकामाचा ‘वागीश्वरी’ कॅमेरा देशभरच्या स्टुडिओंत पोहोचला, आणि शाळेच्या स्नेहसंमेलनाचा किंवा कचेरीतल्या निरोपसमारंभाचा ग्रूप फोटो म्हटला की स्टँडवरचा लाकडी कॅमेरा आणि काळे कापड हे दृश्य मागच्या पिढ्यांना परिचयाचे होते. फुल प्लेट आणि हाफ प्लेट हे शब्दही त्याच काळाचे : फुल प्लेट साडेसहा बाय साडेआठ इंचांची आणि हाफ प्लेट पावणेपाच बाय साडेसहा इंचांची.

घरी करायचे काम

बाहेरची मांडणी झटपट व्हायची असेल तर तिचा निम्मा भाग घरीच उरकलेला असावा लागतो. फिल्म ज्या चपट्या खोबणीच्या चौकटीत भरतात तिला होल्डर म्हणतात. त्याच्या दोन बाजूंना दोन फिल्म बसतात आणि प्रत्येक फिल्मपुढे एक सरकती पट्टी असते, तिला डार्क स्लाइड म्हणतात. फिल्म पूर्ण अंधारात भरायची असल्यामुळे तिची रासायनिक थराची बाजू डोळ्यांनी ओळखता येत नाही, ती बोटांनी ओळखावी लागते : फिल्मच्या एका कोपऱ्यात कडेला खाचा पाडलेल्या असतात, आणि फिल्म उभी धरून त्या खाचा वरच्या उजव्या कोपऱ्यात आल्या की थराची बाजू धरणाऱ्याकडे असते. डार्क स्लाइडच्या मुठीची एक बाजू पांढरी आणि दुसरी काळी असते; पांढरी बाहेर असेल तर फिल्म कोरी आणि काळी बाहेर असेल तर वापरलेली, हा संकेत जगभर एकच आहे. होल्डर भरण्याआधी मऊ ब्रशने झाडून घेणे सोलापूरसारख्या कोरड्या आणि धुळीच्या हवेत टाळता येत नाही, कारण फिल्मवर बसलेला धुळीचा एक कण मोठ्या छपाईत आकाशावरचा काळा ठिपका होऊन दिसतो.

भात्याची तपासणीही घरीच करावी. अंधाऱ्या खोलीत मागची काच काढून भात्याच्या आत बॅटरी लावली आणि भाता पूर्ण ताणून त्याच्या घड्यांवरून बाहेरून नजर फिरवली की टाचणीच्या टोकाएवढे छिद्रही उजेडाच्या ठिपक्याने दिसून येते. अशी छिद्रे बहुधा घड्यांच्या कोपऱ्यांवर पडतात आणि काळ्या चिकटपट्टीने तात्पुरती बुजवता येतात. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर गेल्यावर लाकूड आकसते व स्क्रू सैल होतात, म्हणून ते कामाला निघण्याआधी पाहून घ्यावेत, आणि भरलेले होल्डर बंद मोटारीत कधीही ठेवू नयेत.

मात्र सर्वांत महत्त्वाची तपासणी कॅमेऱ्यावरच्या पाणसळीची. जवळजवळ प्रत्येक फील्ड कॅमेऱ्यावर बुडबुड्याची छोटी नळी बसवलेली असते आणि ती बरोबर आहे असे गृहीत धरले जाते. जुन्या कॅमेऱ्यात ती पुष्कळदा चुकीची असते. तिची परीक्षा गवंड्याच्या ओळंब्याने होते. दाराच्या रुंद चौकटीत किंवा व्हरांड्यात एकमेकांपासून मीटरभर अंतरावर दोन ओळंबे सोडावेत, ते स्थिर झाल्यावर समोर कॅमेरा लावून बुडबुडा मधोमध आणावा आणि दुधी काचेवर दोन्ही दोऱ्यांच्या प्रतिमा पाहाव्यात. काचेवरच्या दोन दोऱ्यांमधले अंतर वरच्या कडेला आणि खालच्या कडेला पट्टीने मोजले आणि ते सारखे भरले, तर कॅमेऱ्याची मागची चौकट खरोखर उभी आहे. एक मिलिमीटरचाही फरक असेल तर अंतर सारखे होईपर्यंत चौकट हलवावी आणि त्या स्थितीत बुडबुडा कुठे थांबतो तिथे नळीवर बारीक खूण करावी. पुढच्या चौकटीसाठी हीच खूण मागच्या चौकटीशी जुळवून घेता येते. पुढची सगळी अचूकता या एका खुणेवर उभी असल्यामुळे ही परीक्षा एकदा मन लावून करणे अत्यावश्यक आहे.

जागा आणि तिपाई

स्थळी पोहोचल्यावर कॅमेरा लगेच बाहेर काढणे ही वेळ वाया घालवण्याची सर्वांत रुळलेली रीत आहे. पुठ्ठ्याच्या तुकड्यात फिल्मच्या आकाराची, म्हणजे चार बाय पाच इंचांची, खिडकी कापावी, तिला एक दोरी बांधावी आणि आपल्याकडच्या लेन्सच्या नाभीय अंतरांवर, उदाहरणार्थ ९०, १५० आणि २१० मिलिमीटरवर, गाठी माराव्यात. ज्या लेन्सची गाठ डोळ्याजवळ धरून खिडकीतून पाहावे, त्या लेन्सला दिसेल जवळजवळ तेवढेच दृश्य दिसते. एक डोळा मिटून, ही खिडकी हातात घेऊन, मोकळ्या पायांनी फिरत जागा, उंची आणि लेन्स या तिन्ही गोष्टी ठरतात, आणि तिपाई मग एकदाच उघडावी लागते. संरक्षित स्मारकात तिपाई लावायची असेल तर संबंधित कार्यालयाची परवानगी आधी काढलेली असावी, हेही याच पूर्वतयारीत मोडते.

तिपाईचा एक पाय विषयाच्या दिशेला ठेवला की छायाचित्रकाराला उरलेल्या दोन पायांच्या मधे उभे राहायला जागा मिळते. पायांचे जाड भाग आधी आणि बारीक भाग गरज पडली तरच उघडावेत. सोलापूरकडच्या काळ्या जमिनीत पाय हळूहळू रुतत जातात आणि दहा मिनिटांपूर्वी समतल असलेला कॅमेरा नकळत कलतो, म्हणून तेथे प्रत्येक पाय आधी जोर देऊन दाबून घ्यावा किंवा त्याखाली फळीचा तुकडा द्यावा. घाटाच्या पायऱ्यांवर हा त्रास नसतो, पण तेथे तिन्ही पायांची लांबी वेगळी ठेवावी लागते. कॅमेरा चढवण्याआधी तिपाईचा माथाच समतल केला तर नंतर कॅमेरा डावी-उजवीकडे वळवताना पाणसळ बिघडत नाही. पुष्कळ जण हे काम कॅमेरा चढवल्यावर तिपाईच्या डोक्याच्या स्क्रूंनी करतात आणि दर वेळी वळवताना पुन्हा करत बसतात.

त्यानंतर कॅमेरा उघडून दोन्ही चौकटींच्या सगळ्या हालचाली शून्यावर आणाव्यात, म्हणजे लेन्स मधोमध आणि दोन्ही चौकटी एकमेकींना समांतर व उभ्या. मागच्या कामातला दोन अंशांचा विसरलेला टिल्ट तसाच राहून गेला तर काचेवर एक कोपरा काही केल्या स्पष्ट होत नाही आणि त्याचे कारण शोधण्यात प्रकाश निघून जातो. म्हणून कॅमेरा मिटतानाच शून्यावर आणायचा आणि उघडल्यावर पुन्हा पाहायचा, ही दुहेरी सवय उपयोगी पडते. लेन्स बसवावी, तिचे ॲपर्चर, म्हणजे प्रकाश आत घेणारे छिद्र, सर्वांत मोठे करावे, शटर उघडे ठेवावे आणि मग काळे कापड डोक्यावर घ्यावे.

काचेवर दृश्य उलटे दिसते : सिद्धेश्वराचे शिखर खाली लटकलेले, तळ्याचे पाणी वर आणि डावीकडचा घाट उजवीकडे. नवख्याला यामुळे गोंधळायला होते, परंतु थोड्या सवयीनंतर हेच उलटेपण उपकारक ठरते, कारण ओळखीचे देऊळ दिसेनासे होऊन केवळ रेषा, काळे-पांढरे भाग आणि त्यांचा तोल दिसू लागतो, आणि कडेला घुसलेली विजेची तार किंवा फलक लगेच खटकतो.

चिमणी आणि राइज

उंच वास्तूचा माथा चौकटीत येत नाही म्हणून कॅमेरा वर वळवला की मागची फिल्म मागे झुकते आणि वास्तूच्या उभ्या कडा वरच्या बाजूला एकमेकींकडे येऊ लागतात. फील्ड कॅमेऱ्यात मागची चौकट उभीच ठेवून फक्त लेन्स वर सरकवता येते. या हालचालीला राइज म्हणतात. ती किती लागेल हे आधी हिशेबाने काढता येते, आणि हा हिशेब ज्याला येतो त्याची मांडणी खरोखर वेगाने होते.

समजा गिरणीची चिमणी ३० मीटर उंच आहे, लेन्स १५० मिलिमीटरची आहे आणि ती जमिनीपासून दीड मीटरवर आहे. चिमणीचा माथा लेन्सच्या पातळीपेक्षा साडेअठ्ठावीस मीटर वर असल्याने ६० मीटरवरून त्याची प्रतिमा अक्षापासून सुमारे ७१ मिलिमीटर अंतरावर पडते. उभ्या धरलेल्या फिल्मची निम्मी उंची सुमारे ६० मिलिमीटर, म्हणजे अकरा मिलिमीटरचा राइज लागेल, आणि माथ्यावर थोडे आकाश हवे म्हणून पंधरा-सोळा. हेच छायाचित्र ४० मीटरवरून घ्यायचे ठरवले तर माथा १०७ मिलिमीटरवर जातो आणि सत्तेचाळीस मिलिमीटरचा राइज लागतो, तो बहुतेक लेन्सना पेलत नाही. प्रत्येक लेन्स फिल्मच्या प्रतलावर ठरावीक व्यासाची गोल प्रतिमा टाकते, तिला प्रतिमावर्तुळ म्हणतात. १५० मिलिमीटरच्या नेहमीच्या लेन्सचे वर्तुळ साधारण २१० मिलिमीटरचे असते आणि त्यात उभ्या चार बाय पाच फिल्मला तीस-तेहतीस मिलिमीटरपेक्षा अधिक राइज मिळत नाही. तेव्हा चाळीस मीटरवर तिपाई लावून झगडत बसण्यापेक्षा वीस मीटर मागे जावे किंवा अधिक रुंद कोनाची लेन्स लावावी, हे तिपाई उघडण्याआधीच कळलेले असते.

कित्येक लाकडी कॅमेऱ्यांत पुढची चौकट फारशी वर सरकत नाही. अशा वेळी कॅमेऱ्याचा पाटच, म्हणजे चौकटी ज्यावर बसतात तो तळ, वर तिरपा करावा आणि मग पाणसळ पाहून दोन्ही चौकटी पुन्हा उभ्या कराव्यात. परिणाम राइजचाच मिळतो. राइज दिल्यावर फिल्मचे कोपरे काळे पडणार नाहीत याची खात्री करण्यासाठी दुधी काचेचे कोपरे मुद्दाम कापलेले असतात : ॲपर्चर कामाच्या मापावर आणून त्या कापलेल्या कोपऱ्यातून लेन्सकडे पाहावे, आणि छिद्र पूर्ण गोल दिसले तर कोपरा सुरक्षित, ते कापल्यासारखे दिसले तर राइज कमी करावा.

मकरसंक्रांतीच्या सुमारास सोलापुरात भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत उंच नंदीध्वजांची मिरवणूक निघते, तेव्हा राइज आधी देऊन, चौकट आणि फोकस ठरवून वाट पाहत उभे राहण्यावाचून दुसरा मार्ग नसतो; हलत्या गर्दीत तिपाई लावायची तर तीही कोणाच्या पायात येणार नाही अशा ओट्यावर किंवा गच्चीवर.

पाणी, तट आणि टिल्ट

तळ्याच्या काठावरून मंदिर टिपताना पायाजवळच्या पाण्यापासून ते पलीकडच्या मंदिरापर्यंत सगळे स्पष्ट हवे असते. केवळ ॲपर्चर लहान करून हे पुरते साधत नाही. पुढची चौकट थोडी पुढे झुकवली, म्हणजे टिल्ट दिला, तर स्पष्टतेचे प्रतल उभे न राहता पाण्याच्या पृष्ठभागाच्या दिशेने आडवे होते. लेन्सचे प्रतल, फिल्मचे प्रतल आणि स्पष्टतेचे प्रतल ही तिन्ही वाढवली असता एकाच रेषेत मिळतात, हे तत्त्व ऑस्ट्रियाच्या सैन्यातील नकाशातज्ज्ञ थिओडोर शाइमफ्लुग यांच्या नावाने ओळखले जाते. त्यांनी १९०४ मध्ये त्याच्या वापराचे पेटंट घेतले, आणि आपल्या आधी फ्रान्समधील ज्यूल कार्पेंतिए यांना ते सुचले होते याची नोंदही त्यांनी केली.

टिल्ट किती द्यायचा हे बहुतेक जण काचेवर चाचपडत शोधतात आणि सर्वांत जास्त वेळ तेथेच जातो. त्याला एक सोपे गणित आहे. लेन्सपासून पाण्याच्या पृष्ठभागापर्यंतचे उभे अंतर मोजावे आणि नाभीय अंतराला त्याने भागावे. येणाऱ्या संख्येला साठने गुणले की अंश जवळजवळ बरोबर मिळतात. लेन्स पाण्यापासून तीन मीटर उंच असेल तर १५० भागिले ३००० म्हणजे ०.०५, आणि त्याची साठपट म्हणजे तीन अंश. सपाट जमिनीवर दीड मीटर उंचीच्या कॅमेऱ्याला हाच कोन सहा अंशांच्या आसपास येतो. इतका टिल्ट आधीच देऊन टाकावा आणि त्यानंतर फक्त फोकसचे चाक फिरवावे. कोन तसाच राहिला की स्पष्टतेचे प्रतल लेन्सच्या खाली तीन मीटरवर असलेल्या रेषेभोवती बिजागरीवरच्या दारासारखे फिरते, आणि ते पाण्यावरून जाऊन मंदिराच्या मध्यावर पोहोचले की हात थांबवावा. कॅनडातील हॅरॉल्ड मर्कलिंगर यांनी १९९३ च्या आपल्या पुस्तकात ही बिजागरीची कल्पना सविस्तर मांडली, आणि या कॅमेऱ्याविषयी गेल्या काही दशकांत झालेले इतके व्यवहारोपयोगी लेखन विरळाच.

टिल्टला मर्यादाही आहे. टिल्ट दिल्यावर स्पष्टतेचा पट्टा कॅमेऱ्याजवळ पातळ आणि दूर जाड होत जातो, त्यामुळे काठावर जवळच एखादे झाड उभे असेल तर त्याचा बुंधा स्पष्ट आणि शेंडा पुसट येतो. तसे असेल तर टिल्ट सोडून द्यावा आणि ॲपर्चर लहान करण्यावर भर द्यावा. किल्ल्याच्या तटालगत उभे राहून तो दूरवर जाताना दाखवायचा असेल तेव्हा हेच गणित आडवे लागू होते : पुढची चौकट तटाच्या बाजूला वळवायची, ज्याला स्विंग म्हणतात, आणि उंचीऐवजी लेन्सपासून तटापर्यंतचे बाजूचे अंतर घ्यायचे.

बारीक फोकस सर्वांत शेवटी. चार ते आठ पट मोठे दाखवणारे भिंग काचेला टेकवून सर्वांत जवळचा आणि सर्वांत दूरचा महत्त्वाचा बिंदू एकेक करून स्पष्ट करावा, पाटावरच्या पट्टीवर दोन्ही वेळची चौकटीची जागा पाहावी आणि चौकट त्या दोहोंच्या मध्यावर आणून घट्ट करावी. या दोन जागांतले अंतर मिलिमीटरमध्ये जेवढे, त्याची पाचपट म्हणजे लागणारे ॲपर्चर; चार मिलिमीटर अंतर असेल तर एफ/२० येते, म्हणून एफ/२२ पुरते. अंतर दहा मिलिमीटर आले तर ॲपर्चर आणखी लहान करण्यापेक्षा टिल्टचा किंवा जागेचा पुनर्विचार करावा, कारण एफ/४५ च्या पुढे प्रकाशाच्या विवर्तनामुळे सगळेच चित्र किंचित मऊ पडते.

कुडलचा शिलालेख

हत्तरसंग कुडल येथील संगमेश्वर मंदिरात सभामंडपाच्या तुळईवर कोरलेला लेख हा काळाचा स्पष्ट उल्लेख असलेल्या सर्वांत जुन्या मराठी लेखांपैकी एक मानला जातो. असा लेख टिपताना अक्षरांचे आकार विकृत झाले तर वाचकाची दिशाभूल होते, म्हणून फिल्म आणि दगड पूर्णपणे समांतर असणे हीच येथली अचूकता. नजरेने हे समांतरपण ठरवता येत नाही. कॅमेऱ्याच्या सगळ्या हालचाली शून्यावर ठेवून, दगडावर एक छोटा सपाट आरसा टेकवावा. दुधी काचेच्या बरोबर मध्यावर लेन्सचे स्वतःचे प्रतिबिंब दिसू लागले की कॅमेरा दगडाच्या सन्मुख आला. ते प्रतिबिंब जिकडे सरकलेले असेल त्यावरून कॅमेरा कुठे वळवायचा हेही कळते. दगडाला इजा होणार नाही अशा रीतीने आरशाच्या कडा मऊ कापडात धराव्यात, दगडावर काहीही चिकटवू नये.

जवळच्या छायाचित्रात भाता लांब ताणला जातो आणि फिल्मवर पोहोचणारा प्रकाश कमी होतो. लेख मूळ मापाच्या पाचव्या हिश्श्याने टिपायचा असेल तर १५० ची लेन्स १८० मिलिमीटरवर जाते आणि प्रकाश जवळजवळ दीडपट द्यावा लागतो. मूळ मापाएवढी प्रतिमा हवी असेल तर चौपट. अक्षरे उठून दिसावीत म्हणून दिवा समोरून न लावता एका बाजूने, दगडाच्या पृष्ठभागालगत, तिरपा धरतात. उथळ झालेली अक्षरेही अशा प्रकाशात सावलीमुळे वाचता येतात. एक छायाचित्र डावीकडच्या आणि एक उजवीकडच्या प्रकाशात घेणे चांगले, कारण काही रेषा एकाच दिशेच्या प्रकाशात बोलतात.

फिल्म टिपताना

येथवर आल्यावर उरते ते हातांच्या सवयीचे काम, आणि ते नेहमी एकाच क्रमाने व्हावे. शटर बंद करायचे, ॲपर्चर आणि वेळ लावायची, शटर ताणायचे, मग होल्डर सरकवायचा. निरभ्र आकाशाच्या उन्हात १०० संवेदनक्षमतेच्या फिल्मला एफ/२२ वर सेकंदाचा साठावा भाग हा चांगला प्रारंभ असतो. आकाश गडद करण्यासाठी पिवळा फिल्टर लावला तर तिसावा. डार्क स्लाइड ओढण्यापूर्वी शटर खरोखर बंद आहे ना हे लेन्सच्या समोर जाऊन डोळ्यांनी पाहावे, कारण या कॅमेऱ्यात सर्वाधिक फिल्म वाया जातात त्या उघड्या राहिलेल्या शटरमुळे. होल्डर बसवताना मागची चौकट एका हाताने धरून ठेवावी, नाहीतर आधी केलेला सगळा फोकस त्या एका धक्क्यात जातो. वाऱ्याची झुळूक थांबेपर्यंत वाट पाहावी, भात्याला वारा लागत असेल तर काळ्या कापडाने आडोसा करावा, केबलने शटर सोडावे आणि डार्क स्लाइड काळी बाजू बाहेर ठेवून लगेच परत घालावी.

त्याच जागी उभे असताना चिठ्ठीवर स्थळ, तारीख, वेळ, लेन्स, कॅमेऱ्याची जागा आणि दिशा लिहून ती चिठ्ठी होल्डरच्या क्रमांकाशी जोडावी. सर्वेक्षणाची जुनी छायाचित्रे आज अभ्यासकांना उपयोगी पडतात ती त्यांच्या नोंदींमुळे. नोंद नसलेल्या सुंदर निगेटिव्हवरून तटाचा कोणता भाग केव्हा ढासळला हे कोणालाही सांगता येत नाही.

ज्यांच्या घरी किंवा बंद पडलेल्या स्टुडिओत असा जुना कॅमेरा असेल, त्यांनी तो भंगारात किंवा शोभेच्या कपाटात जाऊ देऊ नये. चार बाय पाचची फिल्म इल्फर्ड आणि कोडॅक या कंपन्या आजही तयार करतात, आणि हाफ प्लेटच्या कॅमेऱ्याला फिल्म मिळाली नाही तरी छपाईचा ब्रोमाइड कागद लाल दिव्यात मापाने कापून होल्डरमध्ये निगेटिव्ह म्हणून वापरता येतो. त्याची संवेदनक्षमता सहाच्या आसपास असते, म्हणजे उन्हातही शटरला सेकंदाचा काही भाग ते काही सेकंद द्यावे लागतात आणि तेवढ्यात मांडणीतली प्रत्येक चूक स्पष्ट दिसते. दोन ओळंबे, एक आरसा, एक भिंग आणि ब्रोमाइडचे एक पाकीट एवढ्या सामग्रीवर दिवाळीनंतरच्या स्वच्छ हवेत सुरुवात करावी, आणि पहिला विषय म्हणून आपल्याच गावातली, जिची नोंद अजून कोणी घेतलेली नाही, अशी एखादी जुनी वास्तू निवडावी.